चाळीस साहेबांचे उखाणे

२८ जून १९८१

सकाळी चहा घेताना लाखनीची धानगिरणी ऐकू आली. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची. शाळेच्या भिंतीला लागूनच ती गिरणी होती. तिचं इंजिन दिवसभर ठुक-ठुक, ठुक-ठुक करायचं आणि आम्ही तिसरीची पोरं त्या ठोक्यावर कविता म्हणायचो. मास्तरांना वेगळी चाल लावावीच लागत नसे. गिरणी मध्येच बंद पडली की सगळा वर्ग त्याच शब्दावर थांबायचा, पुढची ओळ कोणालाच आठवायची नाही. मग मास्तर खिडकीतून ओरडायचे, "अबे, सुरू कर तुझी गिरणी, माही पोरं अडली!"

प्रत्यक्षात बाहेर समोरच्या क्वार्टरमधला एकजण स्कूटरला किक मारत होता आणि ती सुरू होत नव्हती. एवढंच.

ही वही सूनबाईने, नलूने, आणून दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर खिडकीशी बसून राहता, त्यापेक्षा लिहा काहीतरी." माझी बायको तारा गेल्यापासून मी फार बसतो असं तिचं मत आहे. असेलही. आयुष्यभर मराठी शाळेत उभं राहून कविता शिकवल्या, आता पोलाद कारखान्याच्या वसाहतीत मुलाच्या क्वार्टरमध्ये बसतो आहे. अरुणकुमार प्लांटला गेला की घर नलूचं आणि माझं. सेक्टर सहाला दुपारी आवाज फार कमी.

५ जुलै

आज एक चमत्कारिक योग आला. काल नलूला बाजारात कोणी कौशल्या नावाची बाई भेटली, आणि आज लगेच ती बाई नवऱ्याचा हात धरून आमच्या दारात. नवरा केवलराम. फौजेतला जवान. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग फुटला आणि दोन्ही डोळे गेले. वय बत्तीस-तेहतीस असेल, ताठ बसतो, काळा चष्मा. मागच्या गल्लीत मोठा भाऊ तेजराम याच्या क्वार्टरला लागून एक खोली आहे, तिथे हे दोघं राहतात. मूळचे साकोलीकडचे शेतकरी.

"गुरुजी, तुमी कविता म्हणता म्हणे," केवलराम म्हणाला. "मले वाचता येत नाई. ऐकवता काय?"

मी तर गहिवरलो. आजच्या काळात कविता ऐकायला चालत येणारा माणूस! तिसरीच्या पुस्तकापासून सुरुवात केली ती दिवेलागणीपर्यंत. रोज या म्हणालो.

नलू म्हणते, त्या नादात मी दोन पोळ्या जास्त जेवलो. तिला असल्या गोष्टी मोजायची सवय आहे.

१९ जुलै

केवलराम नेमाने येतो. श्रोता उत्तम, मात्र कधीकधी मी एकाच कवितेची तीच ओळ तिसऱ्यांदा म्हटली तरी तो टोकत नाही.

आज त्याने स्वतःचं सांगितलं. डोळे गेल्यावर सरकारने त्याला देहरादूनला ठेवलं. उठावाच्या ठिपक्यांची लिपी शिकवली आणि टेलिफोनच्या बोर्डाचं कामही शिकवलं. प्रमाणपत्र दिलं, पेन्शन दिली आणि गाडीत बसवून दिलं. त्याला आता आठ वर्षं झाली. दुर्गातल्या एका मोठ्या सरकारी ऑफिसात (नाव इथे लिहीत नाही) माजी सैनिकांसाठी जागा राखलेली आहे, तिथला टेलिफोनवाला मार्चमध्ये रिटायर झाला. केवलराम चारदा जाऊन आला. पहिल्यांदा सांगितलं, वरून हुकूम नाही. मग सांगितलं, डॉक्टरचा दाखला आणा. दाखला नेला तर म्हणाले, दाखल्यात लिहिलं आहे की तुम्ही आंधळे आहात.

"मंग मी म्हनलं, ते तर मलेबी माहीत आहे," केवलराम म्हणाला. कौशल्या स्वयंपाकघरातून हसली.

सैनिक बोर्डातले शालिकराम हवालदार, फौजेतून निवृत्त झालेले, त्याच्यासाठी खेटे घालतात. आज तेही आले होते. म्हणाले, "गुरुजी, शिकवलं सरकारनं. जागा राखली सरकारनं. मंग त्या जागेवर याले बसवनं कोनाचं काम? ज्याले पुसतो तो म्हनते आमचं नाई. फौजेत असं चालत नसे. जखमी मानूस कोन उचलन ते आधीच ठरलं राहे."

मी विचारलं, पेन्शन येते ना वेळेवर? केवलरामने चष्मा सारखा केला. मग म्हणाला, "येते ना. पन पल्टनीत रोज सकाळी कोनीतरी सांगे, केवलराम, आज तुही ड्यूटी अमक्या जागी. आता आठ वर्सं झाले, सकाळी कोनी काईच सांगत नाई."

'राष्ट्र आपल्या वीरांना विसरत नाही' हे वाक्य मी किती वर्गांकडून पाटीवर लिहून घेतलं असेल. आज ते वाक्य आठवलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

२ ऑगस्ट

आमच्या मराठी मंडळाच्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाला यंदा पाहुणे म्हणून दुर्गातल्या त्याच ऑफिसचे बोधनकर साहेब येणार आहेत. काय योगायोग! नलू मंडळाच्या महिला समितीत आहे, तिनेच नाव सुचवलं म्हणे, तेही सहज. ती आणि कौशल्या हल्ली दुपारी फार कुजबुजतात. पापडांचं काही चाललं असेल.

मी केवलरामवर एक दीर्घ कविता रचतो आहे. ती ऐकून साहेबांचं मन द्रवलंच पाहिजे.

१५ ऑगस्ट

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

दरवर्षी मंडळ केवलरामला शाल आणि नारळ देतं. त्याच्याकडे इतक्या शाली झाल्या आहेत की कौशल्याने तीन शालींची गोधडी शिवली. सकाळी निघताना ती म्हणालीसुद्धा, "यंदा नारळ फुटका नसन तर बरं. मागल्या साली आतून सडका निंगाला, देशाचा म्हून फेकताबी नाई आला."

बोधनकर साहेब वर्धेकडचे. ऑफिसात मराठीचा शब्द काढत नाहीत, पण मंचावर छान मराठीत बोलले. त्यांच्याआधी माझी कविता झाली. पंखे बंद पडले होते तरी बत्तीसही कडवी म्हटली. साहेब सारखे रुमालाने तोंड पुसत होते. मला वाटतं ते डोळे पुसत असावेत.

मग साहेबांनी केवलरामच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, "केवलरामजी, देश आपला ऋणी आहे. माझ्या ऑफिसचं दार आपल्यासाठी सदैव उघडं आहे. काहीही लागलं तर निःसंकोच या."

दरवर्षी केवलराम 'जय हिंद' म्हणून बसतो. आज त्याने हात पुढे करून माइक शोधला.

"साहेब, तुमचं दार मले माहीत आहे. चारदा आलो. आत गेलं का डाव्या हाताले टेलिफोनचा बोर्ड आहे. तेथचे बाबू मार्चमध्ये रिटायर झाले. तवापासून चपराशी फोन उचलते, आन ज्याले मागा त्याले सोडून दुसऱ्याले देते. सरकारनं मले तेच काम शिकवलं आहे. तर मी सोमवारी येऊ का मंगळवारी?"

साहेबांनी बंद पंख्याकडे पाहिलं. मग बायकांच्या बाजूने टाळी वाजली, दोनच हातांची, मग दुसऱ्या दोन हातांची, मग सगळा हॉल. मागून कोणीतरी ओरडलं, "सोमवारी! सोमवारी!" साहेबांच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या, त्यादेखील तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेब माइकपाशी वाकून म्हणाले, "सोमवारी या."

घरी येताना मी नलूला म्हटलं, कवितेत केवढी शक्ती असते पाहिलंस? ती म्हणाली, "हो ना, बाबा."

१७ ऑगस्ट

केवलराम, शालिकराम आणि मी दुर्गला गेलो. साहेब आज हिंदीत होते.

"देखिए गुरुजी, भावना अपनी जगह है, काम अपनी जगह." चाळीस जणांच्या टेबलांवर फोन आहेत. कोणीही मागितलं की बोर्डावरचा त्याचा नंबर ऑपरेटरला तत्काळ माहीत हवा. केवलराम म्हणाला, मी ठिपक्यांची यादी करून आणतो. साहेब म्हणाले, "दोनों हाथ बोर्ड पर रहेंगे. लिस्ट किस हाथ से टटोलेंगे? चालीसों ज़ुबानी होने चाहिए. इक्कीस सितंबर को टेस्ट."

शालिकराम म्हणाले, "साब, पुराने बाबू के सामने तो लिस्ट चिपकी रहती थी." साहेबांनी पुढची फाइल उघडली.

बाहेर पायरीवर शालिकराम थांबले. म्हणाले, "डोळेवाल्याले यादी, आन बिनडोळ्याले सारं पाठ पाह्यजे. वा रे न्याय." केवलराम मात्र खुशीत होता. "तारीख तर देल्ली ना, हवालदारसाहेब. आठ वर्सात पयल्यांदा कोनी मले तारीख देल्ली."

निघण्याआधी बोर्डाला हात लावू दिला होता. जुना आहे, तेच बरं झालं. फोन आला की त्या नंबरची पितळेची चिमुकली झडप टक् करून खाली पडते, बोटाला लागते. मग दोरीचं टोक हव्या त्या भोकात खुपसायचं. केवलरामची बोटं त्या भोकांवरून अशी फिरली, जशी तारा धान निवडायची.

आणि पाठ करून घेणं? अहो, मी जन्मभर दुसरं केलं काय! चाळीस नंबर मी कवितेत बसवणार.

२५ ऑगस्ट

'दूरध्वनिमाला' शनिवारीच पूर्ण झाली! चाळीस ओव्या. साहेबांपासून आवक-जावकच्या बाबूपर्यंत मानाच्या क्रमाने. केवलरामने तिसऱ्याच दिवशी घडाघडा म्हणून दाखवली. मी त्याला म्हटलं, तू माझ्या वर्गात असतास तर पहिला आला असतास. तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वर्गातच तं आहो."

६ सप्टेंबर

गणपती आहेत, घरात मोदकांचा वास आहे आणि माझ्या तोंडाला चव नाही.

आज नलू म्हणाली, टेस्टची तालीम करू. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, लाटणं कानाला लावलं आणि शुद्ध हिंदीत म्हणाली, "हलो, स्टोर दीजिए."

केवलरामचे ओठ हलायला लागले. मला ऐकू येत होतं. तो पहिल्या ओवीपासून निघाला होता. साहेब झाले, छोटे साहेब झाले, लेखापाल झाले. स्टोअरची ओवी सव्विसावी.

"हलो?" नलू म्हणाली. "हलो, माझी डाळ करपून राहिली."

मग तिने आवक-जावक मागितलं. ती ओवी शेवटची. तोवर कौशल्या पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती. केवलरामला घाम फुटला. म्हणाला, "गुरुजी, मधातूनच नाई येत. पयलीपासून धरलं तरच येते."

खरं आहे. सात आठे किती विचारलं तर मी आजही मनात सात एके सातपासून निघतो. तिकडे लाखनीत आम्ही असंच शिकलो, आणि मी असंच शिकवलं. शेकडो पोरं. मध्येच बोट ठेवलं की कोणालाच येत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मी कधी मध्येच बोट ठेवलंही नाही.

पंधरा दिवस राहिले. केवलरामची आठ वर्षांनी लागलेली तारीख मी ओव्यांत घालवली.

७ सप्टेंबर

त्याला येऊ नकोस असा निरोप पाठवला. तरी आला.   दोघं चहा प्यालो.

९ सप्टेंबर

संध्याकाळी कौशल्या दारात येऊन उभी राहिली. "गुरुजी, एक बोलू काय? रागावसान तर नाई?"

म्हटलं, बोल.

"लग्नात बाया म्हनते, नाव घे. तवा का आमी पयल्यापासून म्हनत बसतो? ज्याचं नाव त्याचा उखाना. अर्ध्या झोपेतून उठवलं तरी तोंडात येते. तुमच्या ओव्या माळेवानी आहेत, एक वढली का साऱ्या येते. मी त्या सुट्ट्या करू काय?"

मी म्हटलं, अगं पण उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात.

"मंग मी का करू? सरकारच मले चाळीस साहेब देऊन राहिलं."

नलू हसून खाली बसली. केवलरामला आधी ते रुचलं नाही. "माहं नाव घेयाले एवढी लाजली होती का अर्धा उखाना पोटातच ठेवला. आन आता चाळीस परपुरुष?" कौशल्या म्हणाली, "तुमाले पोटातला अर्धा पाह्यजे का बोर्ड पाह्यजे, ते सांगा आवो." मग तोही हसला.

आणि बसल्या जागी तिने घेतला:

"तेवीस पानांचा विडा, केशर घातलं त्यात,
लेखापाल साहेब, घंटी घ्या हो कानात."

तेवीस हा लेखापालांचा नंबर. मी चकित झालो. दुसरा स्टोअरचा:

"चौदा कोसांची वाट, बैल थकले फार,
स्टोअरचे साहेब, उघडा आता दार."

मी म्हटलं, लेखापालांच्या पहिल्या ओळीत दोन अक्षरं जास्त होतात. नलूने माझ्याकडे असं पाहिलं की मी अक्षरं मोजणं सोडलं. पण यमकं मी सुधारून देणार आहे. उखाणा म्हणजे शेवटी कविताच.

१३ सप्टेंबर

आमचा हॉल म्हणजे लग्नाचा मांडव झाला आहे. शेजारच्या अन्नपूर्णाबाई येतात, वच्छलाबाई येतात, प्रत्येकीला एकेक साहेब वाटून दिला आहे. अरुणकुमार कामावरून आला तेव्हा चार बायका एका सुरात आवक-जावकच्या बाबूचं नाव घेत होत्या:

"सतरा लुगडी वाळत घातली, एकही नाही कोरं,
आवक-जावक बाबू, फोन उचला बरं."

अरुण दारातूनच म्हणाला, "यह घर है कि एक्सचेंज?" आणि चहा न घेता परत स्कूटरवर बसला.

केवलरामला आता कुठूनही विचारा. जेवताना, चालताना. आज वच्छलाबाईंनी त्याला शिंकता शिंकता गाठलं, तरी त्याने छोट्या साहेबांचा नंबर सांगितला आणि मग शिंकला.

ह्या सगळ्यांत माझं काम फारसं उरलं नाही. मी यमकं बघतो. तरी सगळे काही नवं सुचलं की आधी माझ्याकडे येतात. का येतात कोण जाणे, बहुतेक वेळा मी आहे तेच बरं म्हणतो.

२१ सप्टेंबर

जिंकलो!

जेवायलाही थांबलो नाही, आजच लिहायचं.

ऑफिसात पोचलो तेव्हा साहेबांनी सगळ्या टेबलांना सांगून ठेवलं होतं की एकामागून एक, मन मानेल तसे फोन मागा. घाईने मागा. केवलराम बोर्डासमोर बसला. फौजेतले सगळे बिल्ले लावलेला कोट घालून आला होता. कौशल्या दाराबाहेर बाकावर, तिला आत येऊ दिलं नाही.

पहिली झडप पडली. टक्. कोणीतरी म्हणालं, "स्टोर." केवलरामचे ओठ जेमतेम हलले आणि दोरी चौदात गेली. पुढच्या खोलीत घंटी वाजली. टक्. "लेखापाल." गेली. टक्, टक्, दोन झडपा एकदम. एका हाताने एक, दुसऱ्याने दुसरी. मी त्याच्या मागे उभा होतो. उघड्या दारातून दिसत होतं, कौशल्या बाकावर डोळे मिटून बसली होती आणि तिचेही ओठ हलत होते.

साहेब स्वतः कोपऱ्यातल्या फोनवर गेले. आवाज बदलून म्हणाले, "रिकार्ड वाले बाबू, नहीं नहीं, नक्शे वाले, नहीं, रिकार्ड ही." केवलराम म्हणाला, "रिकार्ड दे रहा हूँ साब, नक्शे वाले बाद में माँग लेना." आतून कोणीतरी मोठ्याने हसलं.

मग एक गंमत झाली. बाबू लोक टेबलं सोडून व्हरांड्यात यायला लागले. मार्चपासून पहिल्यांदा प्रत्येकाच्या टेबलावर त्याचाच फोन वाजत होता! लेखापाल म्हणाले, "यार, मेरी घरवाली छह महीने से स्टोर वाले से लड़ रही थी." एकाही नंबरला केवलराम चुकला नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, मग म्हणाले, "ठीक है. चौबीस से एक महीना ट्रायल. उसके बाद पक्के का देखेंगे."

शालिकराम हवालदारांनी व्हरांड्यात खाडकन सलाम ठोकला. साहेबांना नाही, केवलरामला. त्याला तो दिसला नाही, पण बुटांचा आवाज ऐकून तो बसल्या जागी ताठ झाला.

परतताना बसमध्ये जागा नव्हती. कंडक्टरने केवलरामला पाहून एकाला उठवायला घेतलं. केवलराम म्हणाला, "रहने दो, ड्यूटी से आ रहा हूँ." आणि स्टेशनापासून सेक्टरपर्यंत उभा राहिला, दांडी धरून, तोंडावर असं हसू की मी खिडकीबाहेर पाहिलं.

८ ऑक्टोबर, दसरा

केवलराम सोनं द्यायला आला. कौशल्या बरोबर नव्हती. काठी टेकत एकटा आला. आता बसच्या थांब्यापर्यंतही एकटाच जातो. भाऊ तेजराम लोकांना सांगत फिरतो की माझा भाऊ दुर्गाच्या ऑफिसात 'बड़ा ऑपरेटर' आहे.

आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून तो म्हणाला, "जास्त बसत नाई गुरुजी. उद्या सकाळी ड्यूटी आहे."

मी खिडकीशी बसलो, पण आज मला लाखनी ऐकू आली नाही. नलूने विचारलं, काय झालं बाबा, हसता काय? म्हटलं, काही नाही. 'राष्ट्र आपल्या वीरांना विसरत नाही' या वाक्यापुढे आता मला लिहिता येईल असं वाटतं. फक्त ते राष्ट्र कोणत्या खोलीत बसतं, तेवढं आधी शोधावं लागतं आणि दार वाजवत राहावं लागतं.

संध्याकाळी केवलराम परत आला. म्हणाला, आज कविता राहून गेली, म्हणा एक. त्याला कवितेचं फार वेड लागलं आहे.

२२ ऑक्टोबर

घात झाला.

केवलराम ऑफिसातून सरळ इथेच आला, चेहरा उतरलेला. दुपारी बाहेरून फोन आला, बाईचा आवाज, "साहेबांना द्या." ह्याच्या ओठांवर साहेबांचा उखाणा आला. रोज येतो, पण आज बोलण्याची कळ आधीच वर, म्हणजे चालू, झालेली होती आणि हा थोडा मोठ्याने पुटपुटला. उखाणा असा:

"अकरा लवंगांनी टोचला गोविंदविडा हिरवा,
बोधनकर साहेब रुसले, तर गाल धरून फिरवा."

पहिली ओळ मनात झाली, दुसरी तोंडाबाहेर आली. 'रुसले तर' इतकं म्हणेपर्यंत दोरी आत गेली. पलीकडून बाई फक्त एवढंच म्हणाली, "कोण बोलतंय हे?" मागून कळलं, त्या साहेबांच्या पत्नी प्रेमलाबाई होत्या!

'गाल धरून' हे मी सुचवलं होतं. कौशल्याने आधी 'घंटी देऊन' घातलं होतं. मला ते रुक्ष वाटलं.

परवा महिना पुरा होतो. पक्कं करण्याचा निर्णय साहेबांचा. साहेबांच्या बायकोने त्यांना सांगितलं असेलच की तुमचा ऑपरेटर फोनवर तुमची थट्टा करतो. शालिकराम म्हणाले, माफी मागून टाक. केवलराम म्हणाला, "कशाची मागू? उखाना घेतला म्हून? मंग बोर्डच सोडा लागंन, उखान्याबिगर मले नंबर नाई येत."

कौशल्या उठली. तिने घरातल्या सगळ्यांची ताटं वाढली आणि आपलं तसंच ठेवलं.

२४ ऑक्टोबर

महिना पुरा झाला. साहेब दिवसभर दौऱ्यावर. कोणी काही सांगितलं नाही. केवलराम म्हणतो, आज साहेबांच्या घरून एकही फोन आला नाही.

मी साहेबांना लिहायला बसलो होतो. नलूने दौत उचलून नेली. म्हणाली, "बाबा, ह्या वेळी राहू द्या."

२५ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी दोन दिवसांवर. सकाळपासून घरात अनारसे तळणं चाललं होतं. कौशल्या नलूच्या हाताखाली, केवलराम माझ्यासमोर, आणि दोघांपैकी कोणीही उद्याच्या सोमवारचं नाव काढत नव्हतं. मी कविता म्हणत होतो. तो ऐकत नव्हता, आज मलाही ते कळलं.

साडेदहाच्या सुमारास बाहेर जीप थांबली. मला वाटलं अरुणकडे कोणी आलं. दार वाजलं, नलूने पिठाच्या हातानेच उघडलं आणि दोन पावलं मागे सरली.

दारात बोधनकर साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. एकट्या. भरजरी नाही, साधं सुती पातळ, हातात डबा. मी उठताना चष्मा खाली पडला. केवलराम कोणी न सांगताच उठून उभा राहिला, हात शिवणीला लावून.

"उखाणे रचणारी ती कौशल्या कोण?" त्यांनी विचारलं. "महिला समितीत कळलं, माझ्या नवऱ्याचं नाव घेते म्हणे."

कौशल्या कढईपासून हलली नाही. अनारसा तेलात काळा पडत होता. मी म्हणालो, बाईसाहेब, चूक माझी आहे, ते 'गाल' मी...

"गुरुजी, थांबा हो जरा." त्यांनी चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या, झाऱ्याने तो अनारसा काढून बाजूला ठेवला. "साहेबांनी काल रात्रीच पक्क्यावर सही केली. उद्या ऑफिसात कळेल, मी सांगितलं म्हणू नका. मी त्यासाठी आले नाही."

नलूने पिठाच्या हाताने तोंड झाकलं. केवलराम तसाच उभा होता, फक्त त्याच्या चष्म्याखालून काहीतरी ओघळत हनुवटीपर्यंत आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

प्रेमलाबाई पाट ओढून कौशल्यासमोर बसल्या.

"बोधनकर साहेब रुसले, तर... आणि तेवढ्यात तुझ्या नवऱ्याने फोन जोडून दिला. तीन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. रुसले तर काय करायचं, ते सांग बाई आधी. लग्न झाल्यापासून शोधून राहिले मी, अजून सापडलं नाही."